आक्काताईच्या घरचा फोन

सांगलीत आम्ही राहतो त्या इमारतीत माझ्या वायफायचं नाव 'आक्काताई' असं आहे. मोबाइलवर आसपासच्या नेटवर्कांची यादी येते, त्यात ते सगळ्यांना दिसतं. परवा वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांचं नेट बंद पडलं होतं, माझा पासवर्ड हवा होता. मी दिला. शेजारधर्म मलाही कळतो. तर जिन्यात जाता जाता म्हणाल्या, "पायलताई, ते नाव तेवढं बदला ना. आमच्याकडे पाहुणे येतात, त्यांना पासवर्ड सांगताना कसंतरीच वाटतं. काहीतरी साधंसं ठेवा."

म्हणजे नेट माझं, वापरणार त्या, आणि नाव ठेवायचं ते त्यांच्या पाहुण्यांना शोभेल असं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर शेजार तिथंच संपला असता. पण असलं बोलणं मी पूर्वी एकदा ऐकलेलं आहे, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, आणि पुढे काय झालं तेही पाहिलेलं आहे. आमच्या गावात ती गोष्ट हसण्यावारी नेतात. 'आक्काताईच्या फोनचा किस्सा' म्हणतात आणि चहा मागवतात. त्यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

आक्काताई माझी चुलती. आमचं गाव इस्लामपूरच्या पुढे, नदीच्या अंगाला, जिकडे बघाल तिकडे ऊस. गावाच्या उगवतीला बौद्धवस्ती, आणि विहाराला लागून आमची दोन घरं, मधे एकच भिंत. चुलते हिंदुराव फौजेत हवालदार होते. पेन्शन घेऊन आले तेव्हापासून ते घरात हळू आवाजात बोलायचे. सगळा आवाज आक्काताईच्या वाट्याला आला होता. ती ब्लाउज शिवायची. तिच्या हातचं ब्लाउज अंगावर बसायचं असं पंचक्रोशीत म्हणत, आणि तिच्या तोंडाला कोणी लागू नये असंही म्हणत. एकदा एक बाई तक्रार घेऊन आली, की ब्लाउज दंडात आवळतंय. आक्काताईने टेप लावून पाहिला आणि म्हणाली, "ब्लाउज हाय तसंच हाय. दंड वाढलाय. त्येचं मी काय करू?"

हिंदुरावांनी फोनसाठी फार आधी अर्ज केला होता. माजी सैनिक म्हणून तो कधीतरी वर सरकला आणि सत्त्याण्णव साली आमच्या वस्तीत फोन आला. अख्ख्या वस्तीतला पहिला. आक्काताईने तो शिलाई मशीनच्या उशाला भिंतीवर बसवून घेतला, त्याला उरलेल्या कापडाचं झालर लावलेलं कव्हर शिवलं, आणि पहिला फोन वाजला तेव्हा सगळी वस्ती दारात उभी असताना रिसीव्हर उचलून म्हणाली, "जय भीम. हिंदुरावांचं घर." ते वाक्य तिने आधी पाठ केलं होतं. पुढे प्रत्येक फोनला ती तेच म्हणायची. नुसतं 'हॅलो' म्हणणाऱ्यांची तिला गंमत वाटायची. आपण कोण हे सांगायला माणसं का लाजतात, असं विचारायची.

लालासाहेब गावातले बडे बागायतदार. त्यांचा मळा ओढ्याच्या पलीकडे, गावापासून चांगला लांब. ऊस भरपूर, जीप दारात, कारखान्याच्या बैठकांना पहिल्या ओळीत खुर्ची. नव्हता तो फोन. मळ्यापर्यंत खांबच गेले नव्हते, त्यामुळे त्यांचा अर्ज पडून होता. ज्या फोनसाठी ते पुढाऱ्यांकडे खेटे घालत होते तो बौद्धवस्तीतल्या शिंपिणीच्या भिंतीवर लटकलेला, हे त्यांना किती लागलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

मग त्यांनी मुंबईहून लांब पल्ल्याचा कॉर्डलेस आणला. त्याची एक पेटी ज्या घरात तार आली आहे तिथं फोनला जोडायची, छपरावर लोखंडी पाइप उभा करून त्यावर एरियल लावायची. तसाच पाइप दुसऱ्या घरावर. मग दुसऱ्या घरात विटेएवढा हँडसेट हातात घेऊन त्याच नंबरावर बोलता येतं. तार एक, नंबर एक, आणि वाऱ्यावरून दोन घरं. आता वायफायचं जे चालतं तेच, फक्त पाइप उंच लागायचा.

लालासाहेब आमच्या दारात आले. बुलेटवरून उतरले नाहीत, एक पाय जमिनीला टेकवून बोलत होते. हिंदुराव आणि ते शाळेत एका वर्गात होते.

"हिंदुराव, गड्या, तुझ्या फोनला एक पेटी जोडू दे. बिलाचा वाटा माझा," ते म्हणाले. मग दारात उभ्या आक्काताईकडे पाहून म्हणाले, "वहिनी, तुमचं काय म्हननं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला वहिनी म्हटलं. एरवी ते गावासारखंच आक्काताई म्हणायचे, तेही अर्धवट, मान वळवून. आक्काताई हो म्हणाली. तिला राग लवकर यायचा, पण कोणाचं अडलेलं काम तिच्याने पाहवायचं नाही. गावातल्या लोकांना तिचा राग दिसला, हे कधी दिसलं नाही.

नियम हिंदुरावांनी घालून दिला. फोन आला की दोन्हीकडे वाजणार. कोणीही उचलावा. आपला नसेल तर लाल बटण दाबायचं, पलीकडे पी-पी वाजतं, मग 'तुमचा हाय' एवढं म्हणायचं आणि आपला ठेवायचा. इतकं सोपं. लालासाहेब म्हणाले, ठीक. आणि निघताना आवाज खाली आणून म्हणाले, "एक हाय. ह्या पेटीला परवाना लागतो. माझ्याकडं न्हाई. कुनी तक्रार केली तर तुमचाबी फोन जाईल. तवा कुनाला सांगू नका. आन् वहिनी, फोन उचलला की नुसतं हॅलो म्हना. ते जय भीम, हिंदुरावांचं घर, असलं काय नको. साधंसं ठेवा."

साधंसं ठेवा. हेच ते वाक्य.

आक्काताईला ते लागलं. पण फोन जाईल म्हटल्यावर ती घाबरली, कारण तिची थोरली लेक प्रियदर्शनी बारावीला होती आणि पुढचं सगळं त्या फोनवर येणार होतं. दुसऱ्या दिवसापासून ती नुसतं 'हॅलो' म्हणू लागली. पाठ केलेलं वाक्य गिळायला तिला वेळ लागला. कधी कधी 'जय' एवढं तोंडातून जायचं आणि ती थांबायची.

बिलाचा वाटा लालासाहेब वेळेवर पाठवायचे, त्यात खोट नव्हती. खोट दुसरीकडे होती. त्यांनी तो नंबर आपला म्हणूनच वाटला. कारखान्यात दिला, खतवाल्याला दिला, जीपच्या मागच्या काचेवर रंगवून घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आमच्याकडे फोन आला की पलीकडचा म्हणायचा, "मालकांना बोलवा." कोणी म्हणायचा, "ए बाई, साहेब मळ्यात आहेत का बघून ये." आक्काताई दात-ओठ खाऊन लाल बटण दाबायची आणि म्हणायची, "लालासाहेब, तुमचा हाय." दिवसातून कितीदा तरी. मशीनवरचा पाय थांबवून, तोंडातल्या टाचण्या काढून. एकदा मी म्हटलं, तू त्यांची ऑपरेटर झालीस. तर मलाच म्हणाली, "मग काय वाजू देऊ? माणूस ताटकळतंय तिकडं."

आणि तिकडून? तिकडून पी-पी कधी वाजलं नाही. आमच्याकडे फोन करणारे नंतर सांगायचे, उचलला आणि नुसता बंद पडला. हिंदुराव म्हणायचे, एरियल हलली असेल. ते शिडी लावून पाइप सरळ करायचे.

बारावीनंतर, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, प्रियदर्शनीने सांगलीतल्या एका नर्सिंग शाळेत अर्ज केला. नाव प्रतीक्षा यादीत लागलं, अगदी वरती. तिथल्या मॅडम म्हणाल्या, एक मुलगी सोडणार आहे, जागा झाली की फोन करू, नंबर द्या, दोन दिवसांत हजर व्हावं लागेल. प्रियदर्शनीने घरचा नंबर दिला. आमच्या वस्तीतल्या इतर पोरी नंबर द्यायची वेळ आली की कुणाच्या तरी ओळखीच्या दुकानाचा द्यायच्या. तिने छाती पुढे काढून घरचा दिला.

मग आक्काताई घरातून हलेना. कापड आणायला इस्लामपूरला जायची ती हिंदुरावांना पाठवू लागली. फोन वाजला की मी भिंतीपलीकडून कान द्यायची. गणपती बसले, गौरी आल्या, गौरी गेल्या. फोन यायचे, कारखान्याचे, खतवाल्याचे, लालासाहेबांच्या पाहुण्यांचे. काही एकदाच वाजून थांबायचे, म्हणजे मळ्यावर उचलले. सांगलीचा काही आला नाही.

शेवटी आम्ही तिघी सांगलीला गेलो. मॅडमनी प्रियदर्शनीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एक बाई म्हणाल्या, इथं कोणी प्रियदर्शनी नाही, राँग नंबर. खोटा नंबर देता आणि वर विचारायला येता? जागा पुढच्या मुलीला गेली. आणि असं करणाऱ्या मुलीचा अर्ज आम्ही पुढच्या वर्षीही घेत नाही."

"नंबर खरा आहे मॅडम," प्रियदर्शनी म्हणाली. "आमच्याच घरचा आहे."

"मग घरच्यांना तुम्ही माहीत नाही का?" मॅडम म्हणाल्या, आणि तिथला शिपाई हसला.

त्या हसण्याचा मला आजही राग येतो. येताना एसटीत प्रियदर्शनी खिडकीकडे तोंड करून बसली आणि आक्काताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने इस्लामपूरचं टेलिफोन ऑफिस डोक्यावर घेतलं. तुमच्या तारेने माझ्या पोरीचं वाटोळं केलं म्हणाली. तिथल्या साहेबांनी बिचाऱ्यांनी माणूस पाठवून खांबापर्यंतची लाइन तपासली. लाइन चोख होती. फोन ज्या नंबरावर लावला त्याच नंबरावर आला होता. मग उचलला कोणी, हे कोडं काही सुटेना, कारण आम्हाला लालासाहेबांच्या घराबद्दल शंकाच आली नाही. त्यांना नियम माहीत होता. आक्काताईच मला म्हणाली, "त्येंच्यात उचलला असता तर तुमचा हाय म्हनले असते की."

दिवाळी झाली. लालासाहेबांच्या मुलीचं, क्रांतीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापून आल्या, खाली 'निवास' म्हणून आमचा नंबर. आमच्या घरीही एक पत्रिका आली, गड्याच्या हातून. पाठोपाठ लालासाहेबांची बायको, शालूबाई, जीपमधून स्वतः आल्या. आजवर त्यांची ब्लाउजं गड्याच्या हातीच येत, मापाचं जुनं ब्लाउज घालून. वस्तीत त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. पण लेकीच्या लग्नाची ब्लाउजं अंगावर माप घेऊनच शिवायची होती, म्हणून आल्या. बाई स्वभावाने गरीब. दारात चपला काढल्या, आत आल्या, हात वर करून उभ्या राहिल्या. आक्काताईने टेप लावला आणि फोन वाजला.

आक्काताईने उचलला. "हॅलो."

पलीकडचा मोठमोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. "कोण, मळ्यावरनं का? शालाक्काला द्या. मी फलटणवरनं तिचा भाऊ बोलतोय."

आक्काताईचा हात सवयीने लाल बटणाकडे गेला. मग तिच्या लक्षात आलं, शालूबाई तर इथेच उभ्या. तिने रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "तुमचा हाय."

शालूबाई भावाशी काय बोलल्या त्यांनाच कळलं नसेल. त्या आक्काताईच्या तोंडाकडे बघत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "माझ्या भावाकडं तुमचा नंबर कसा?"

"पत्रिकेत छापलाय की तुमी."

"पत्रिकेत आमचा नंबर हाय."

"शालूबाई, नंबर आमचा हाय," आक्काताई म्हणाली. तिने फळीवरची पेटी दाखवली, लाल दिवा लागलेली, आणि छपरातून वर गेलेली वायर. "ही पेटी तुमच्या मालकांनी बसिवली. आमच्या तारेवर तुमी बोलता."

"आवं, पेटी ग्रामपंचायतीत हाय म्हनले मालक. सरकारी हाय म्हनले." शालूबाई पेटीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग ती तुमचा हाय म्हननारी बाई?"

"मीच."

"मी म्हनत हुती, एक्स्चेंजातली बाई हाय. मालकच तसं म्हनले."

आक्काताईने हातातला टेप मशीनवर ठेवला. मला तिच्या कपाळावरची शीर दिसली. परवान्याचं नुसतं निमित्त होतं. लालासाहेबांना लपवायची होती ती पेटी नव्हती. आपण कोणाच्या घरच्या तारेवर बोलतो ते लपवायचं होतं, आणि तेसुद्धा स्वतःच्या बायकोपासून. तेवढ्यासाठी एका बाईचं 'जय भीम' तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

शालूबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या प्रियदर्शनीकडे पाहिलं. "ही कोण?"

"माझी लेक. प्रियदर्शनी."

शालूबाई मटकन मशीनच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "गौरी गेल्या त्येच्या दुसऱ्या दिवशी एक बाई हे नाव इचारत हुती. दोनदा. पाहुणं निघालं हुतं, मी डबं भरत हुती. म्हनली, इथं कुनी न्हाई, राँग नंबर. मला काय म्हाईत." आणि तोंडाला पदर लावला. "मला बटनबी कुनी दावलं न्हाई."

खरंच नव्हतं दाखवलं. बटण दाखवायचं तर पलीकडे कोण आहे ते सांगावं लागलं असतं.

शालूबाईंनी उठून राहिलेलं माप दिलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "ब्लाउजं शिवून झाली की गड्याच्या हातनं देऊ नका. तुमी सोता घेऊन या मळ्यावर."

हिंदुराव शिडी घेऊन आले. म्हणाले, पाइप उतरवतो, पेटी काढतो, विषय संपवतो. आक्काताई म्हणाली, "हात लावायचा न्हाई त्याला. आदी त्येला बोलवा."

लालासाहेब आले. या वेळी बुलेटवरून उतरले आणि आतही आले. "वहिनी, झालं ते वंगाळ झालं," ते म्हणाले. "पोरीची जागा मी काढतो. वर माझा माणूस हाय. काळजी सोडा."

"जागा तिची हुतीच," आक्काताई म्हणाली. "तुमच्याकडनं मागून कशाला घेऊ? मला एकच पायजे. सांगलीला फोन लावा आन् सांगा, की नंबर आक्काताईच्या घरचा हाय, पोरीनं खरा दिलावता, आमच्या बायकांनी चुकून राँग म्हटलं. तेवढं सांगा. म्हंजे फुडच्या वर्षी तिचा अर्ज घेत्याल."

एवढंच मागितलं तिने. दुसरी कोणी असती तर काय काय मागितलं असतं. लालासाहेबांनी फोन लावला, खाकरले, आणि कारखान्याच्या सभेत बोलावं तसे बोलू लागले. स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मुलगी हुशार आहे, आमच्या गावची आहे म्हणाले. मग मॅडमनी काहीतरी विचारलं. लालासाहेब थांबले. आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नंबर माझ्याच घरचा आहे. ते गोरगरीब लोक आमचा नंबर देतात, आम्ही देऊ देतो. नोकरांनी घोळ केला."

आक्काताईने फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं. फोन बंद झाला.

"जावा तुमी," ती म्हणाली.

"वहिनी, पन काम तर..."

"मला वहिनी म्हनू नका. एक वाक्य हुतं. खरं हुतं. माझ्या घरात उभं राहून, माझ्या फोनवरनं, माझ्या तोंडावर तुमाला ते बोलवंना. जावा."

ते गेले. जाताना दारातून म्हणाले, तुमचं डोकं थंड झालं की बोलू. तिचं डोकं थंड झालं नाही, आणि का व्हावं? थोड्या वेळाने फोन वाजला. आक्काताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या, रिसीव्हर उचलला आणि सावकाश म्हणाली, "जय भीम. हिंदुरावांचं घर."

पलीकडे कोणी कारखान्यातला होता. लालासाहेबांचं घर नाही का, त्याने विचारलं.

"त्येंचा फोन आमच्यातच हाय," ती म्हणाली. "तुमी बौद्धवस्तीत बोलताय. ते आमच्याच तारेवर बोलत्यात. थांबा, जोडून देती." आणि लाल बटण दाबून नेहमीच्याच आवाजात, "लालासाहेब, तुमचा हाय."

मग तिने प्रत्येकाला हेच सांगितलं. लग्नघर, त्यामुळे फोन दिवसभर. आचारी, मंडपवाला, बँडवाला, फलटणचे पाहुणे, साताऱ्याचे व्याही. एकाही माणसाला शिवी नाही, एकही शब्द खोटा नाही, आणि एकाचाही फोन तिने अडवला नाही. मळ्यावर कोणी आधी उचलला तरी ती इकडून उचलायची आणि मधेच म्हणायची, "जय भीम, बोला तुमी, मी ठेवती." लालासाहेबांनी चिठ्ठी पाठवली, फोन तोडा. हिंदुरावांना निरोप पाठवला, पेटी काढून घे. काय माणूस बघा, फोन नसला तरी चालेल पण खरं सांगू नका. आक्काताईने निरोप घेऊन आलेल्या गड्याला चहा दिला आणि सांगितलं, "पत्रिकेत छापलाय नंबर. लग्नाला येनाऱ्यांची गैरसोय हुईल. न्हाई तोडत."

ब्लाउजं झाली. ती बांधून आम्ही दोघी मळ्यावर गेलो. नेमके साताऱ्याचे व्याही आले होते, मानपानाची बोलणी चालू होती. अंगणात खुर्च्या, बायका ओट्यावर, आणि लालासाहेबांच्या शेजारच्या टेबलावर तो हँडसेट, एरियल बाहेर काढून ठेवलेला. आक्काताईला बघून लालासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ही आता इथे तमाशा करणार. गड्याला हाताने खूण केली, बोचकं मागल्या दारी घे.

शालूबाई ओट्यावरून उतरल्या. आक्काताईच्या हातातलं बोचकं स्वतः घेतलं, खुर्चीवर ठेवलं, आणि टेबलावरचा हँडसेट उचलला.

"आक्काताई, सांगलीचा नंबर काय?"

आक्काताईला तो पाठ होता. तिने एकेक आकडा सांगितला, शालूबाईंनी एकेक दाबला. अंगणातलं बोलणं थांबलं. लालासाहेब अर्धे उठले आणि व्याह्यांच्या तोंडाकडे बघून परत बसले.

"हॅलो," शालूबाई म्हणाल्या. "मी शालूबाई बोलती. गौरीच्या टायमाला तुमचा फोन आलता, प्रियदर्शनी पायजे म्हनून. तो मी उचलला. राँग नंबर म्हननारी ती मीच. दुसरं कुनी न्हाई, मीच. नंबर बरोबर हुता. आक्काताईंच्या घरचा हाय, बौद्धवस्तीतल्या. आमचा फोनच न्हाई. आमी त्येंच्या तारेवर बोलतो." पलीकडून काही विचारलं. "व्हय, तिची आई हितंच हाय. देती."

आणि हँडसेट पुढे धरून, व्याह्यांच्या देखत म्हणाल्या, "आक्काताई, तुमचा हाय."

आक्काताई लालासाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बोलली. फार नाही. हो म्हणाली, बरं म्हणाली, पुढच्या वर्षी पाठवते म्हणाली. हँडसेट टेबलावर ठेवला, उठली आणि शालूबाईंना म्हणाली, "पाठीला थोडी सैल ठिवल्यात. घालून बघा."

पुढच्या वर्षी प्रियदर्शनीचा अर्ज घेतला गेला, जागाही मिळाली. क्रांतीचं लग्नही झालं, काही मोडलं नाही. त्यामुळे गावात म्हणतात, शेवट गोड झाला. मला ते ऐकवत नाही. त्या दिवशी ओढ्याच्या वाटेने परत येताना मी पण असंच काहीतरी म्हटलं होतं, झालं की काम, कशी जिरली. आक्काताई पुढे चालत होती. ती थांबली, पण वळली नाही.

"काय झालं काम?" ती म्हणाली. "तुमचा हाय, एवढंच म्हनायचं हुतं गौरीला. आज पोरगी सांगलीत असती. त्येला लाज माझ्या घराची वाटत हुती, आन् वरीस माझ्या पोरीचं गेलं."